काशिनाथराव केणी आणि तळ्यातली माझी पिशवी

श्री. काशिनाथराव केणी यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागण्यात आला, तेव्हा संपादकांचा काहीतरी डाव असावा असंच मला वाटलं. माझी हयात टपाल खात्याच्या तक्रार विभागात गेली. तिथे सरळ माणूस कधी येत नाही, आणि आला तरी ओळखू येत नाही.

त्यांची पहिली भेट तळ्याकाठचीच. मुंबईहून मीरा रोडला राहायला येऊन मला दोन महिने झाले होते. 'रविवारी सकाळी सात वाजता गावतळ्यातली जलपर्णी काढायला या' अशी चिठ्ठी सोसायटीच्या फळ्यावर लागली. फुकट कोण कशाला राबेल, हे बघायलाच मी गेले. कमरेएवढ्या पाण्यात हाफपँट घातलेले एक वृद्ध गृहस्थ उभे होते; तेच काशिनाथराव, सगळ्यांचे काका. काम संपल्यावर ते प्रत्येकाला चपला उलट्या करायला लावत, पायजम्याच्या दुमडी सोडायला लावत. मला म्हणाले, "बाय, राग मानू नका. येवराशी मुली ऱ्हायली तरी पुन्ना तला भरतंय." एवढंसं मूळ राहिलं तरी तळं पुन्हा भरतं, हे खरंच होतं. मी मात्र चोरासारखी झडती झाल्याचा राग धरून घरी गेले.

पुढे संशयाला खतपाणीच मिळत गेलं. उपसलेली जलपर्णी काठावर ठेवायची नाही, ती पावसात परत पाण्यात जाते, असा काकांचा दंडक. मग ती कुठे टाकायची? तर तळ्याला लागून असलेल्या त्यांच्या स्वतःच्या जागेत. तिथे पूर्वी त्यांची भातशेती होती. ढीग वाढू लागले आणि माझ्या मनाने हिशेब मांडला: आज पाला, उद्या माती, परवा भराव, तेरवा इमारत. त्या ढिगांचं खत होऊन ते शेजारच्या गोडदेव गावातल्या भाजीवाल्या बायकांना फुकट मिळत होतं. ते दिसत असूनही मी म्हटलं, दाखवायचे दात वेगळे.

गेल्या वर्षी तळं जवळजवळ मोकळं झालं होतं. गणपतीनंतर दोन महिन्यांत पायऱ्यांपाशी पुन्हा हिरवा गालिचा पसरला. मी सोसायटीच्या सभेत उभी राहिले आणि म्हणाले, "ज्याला तळं नकोय, त्यानेच टाकली असणार. शेजारी कोणाची जमीन आहे, तुम्हीच बघा." नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. रविवारी येणारी माणसं गळत गेली. शेवटी काका आणि त्यांच्या पत्नी सुमनकाकी, एवढे दोघेच पाण्यात दिसत. तळं बुजवून तिथे वाहनतळ करावा, असंही लोक बोलू लागले.

या लेखासाठी माहिती विचारायला म्हणून मी मागच्या महिन्यात त्यांच्या घरी गेले. खरं तर संशयाला काही पुरावा मिळतो का, ते बघायला गेले होते. पडवीत खुंटीवर एक कापडी पिशवी होती, तिच्यात काकांचे कोयते. पिशवीवर भरतकामात माझं नाव! माझ्या निवृत्तीला सहकाऱ्यांनी दिलेली.

"ही तुमच्याकडे कशी?"

काका उठून पाणी आणायच्या निमित्ताने आत जाऊ लागले. काकींनी त्यांना थांबवलं. "आता तरी सांगा. वरीस झाला गप बसलाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पायरीखाली गावली. आत निर्माल्य, आनि त्यातूनच सगला उगवलेला."

मला सगळं आठवलं. जांभळी फुलं सुंदर दिसतात म्हणून जलपर्णीचं एक रोप मी घरी नेऊन टबात वाढवलं होतं. त्याची फुलं गणपतीला वाहिली. मुलाकडे जायचं होतं, टबाला पाणी कोण घालणार? देवाला फुलं दिलेलं रोप कचऱ्यात कसं टाकायचं? म्हणून निर्माल्याबरोबर याच पिशवीत घालून मीच ते तळ्यात सोडलं होतं.

"सभेत मी तुमच्याबद्दल काय बोलले, ते कळलं होतं ना?"

"कललं व्हतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुमी लाजून पुन्ना कदी पान्यात उतरल्या नसत्या. उतरनारी मानसं हायत तरी किती?"

मला तिथेच रडू आलं. काकी चहा ठेवायला गेल्या.

तेव्हा त्या सभेला हजर असलेल्या सर्वांना या ग्रंथातून सांगते: ती जलपर्णी मी टाकली. काशिनाथरावांनी ती काढली, आणि वर्षभर माझा दोष स्वतःच्या नावावर राहू दिला. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. मी पसरवलेली जलपर्णी आणि पसरवलेला संशय निपटायला निदान तेवढी वर्षं तरी मला लागणार आहेत, आणि शेवटच्या माणसाने माझ्या तोंडून खरं ऐकलेलं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं.