ताओवाला आणि कमरेवरचे फोटो

बहारीनमध्ये बुदैयाला आमच्या शेजारी टोंगाचं एक जोडपं राहायचं. टोंगा म्हणजे पार प्रशांत महासागरातली बेटं. तो शाळेत रग्बी शिकवायचा, ती नर्स. तिचे वडील तिकडे वारले तेव्हा हिचा व्हिसा नूतनीकरणात अडकलेला, त्यामुळे अंत्यविधीला जाता आलं नाही. शेवटी शुक्रवारी तिनं घरीच प्रार्थना ठेवली आणि फोटो काढायला मला बोलावलं.

मी तेव्हा पन्नाशीची. मनामातल्या एका स्टुडिओत व्हिसाचे आणि रेसिडेंट कार्डाचे फोटो काढायचे. हनुवटी वर, कान दिसू देत, खलास! एवढ्यावर बाईसाहेब स्वतःला मोठ्या कलावंत समजत. गळ्यात कॅमेरा, डोक्यात हवा.

"ताओवाला आला की सुरू करू," ती म्हणाली. मी दूधवाला, रद्दीवाला ओळखणारी बाई. दाराकडे बघत बसले. शेवटी विचारलं, "यायला किती वेळ लागेल त्यांना?"

ताओवाला आला तो दोहाहून आलेल्या तिच्या भावंडांच्या बॅगेतून. ती होती चटई! भली मोठी, काठ विरलेले, धागे लोंबणारे. शेजारणीनं ती काळ्या कपड्यांवरून कमरेला गुंडाळली, पार घोट्यांपर्यंत. मला वाटलं, अरेरे, प्रवासात फाटली बिचारी. मग कुणाला न विचारता मी शहाणपणा केला. सगळे फोटो कमरेच्या वरचे काढले.

शनिवारी सकाळी ती कुंपणापाशी आली. "दहाला आत्याचा व्हिडिओ कॉल आहे. तिला फोटो बघायचेत. ताओवाला तिनंच पाठवलाय ना! वडिलांपुढे मुलगी लहान, म्हणून त्यांच्या शोकात मोठा आणि फाटका बांधायचा. मी गेले नाही म्हणून ती आधीच रागावलीय. अंगावर तोही दिसला नाही तर म्हणेल, हिनं बापाला बाप मानलंच नाही."

मी तशीच घरात धावले, फोटो कॉम्प्युटरवर उघडले.

"अहो, इकडे या. एकाही फोटोत कंबर नाहीये!"

ह्यांनी चष्मा लावून सगळे पाहिले. "चेहरे झकास आलेत. कुणालाही व्हिसा मिळेल."

"थट्टा नको हो, दहाला कॉल आहे तिचा."

"मग जा आणि सांग."

भावंडं पहाटेच्या विमानानं परत गेली होती, म्हणजे पुन्हा फोटो काढणंही बाद. कार्ड खराब झालं म्हणावं? कॅमेरा पडला म्हणावं? तीन थापा पाठ केल्या. पण गाठ आत्याशी होती. आमच्याकडे आत्याचा मान नाव ठेवण्याचा, दोन्ही अर्थांनी. तिकडची काही वेगळी नसणार.

पावणेदहाला लॅपटॉप छातीशी धरून शेजारी गेले. तिनं एकेक फोटो पाहिला. शेवटचा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

"ताओवाला कुठाय?"

थापा कुठल्या कुठे पळाल्या. "मला वाटलं, फाटलाय. लोकांत तुझी लाज जाऊ नये म्हणून..."

"माझी लाज?" ती हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. पडदाभर आत्याचा रुंद चेहरा, पांढरे केस. दोघी त्यांच्या भाषेत बोलत होत्या. मला एक शब्द कळेना. मध्येच दोघींनी माझ्याकडे पाहिलं, ते मात्र कळलं. दार किती पावलांवर आहे, ते मी मोजून ठेवलं.

"कोणी काढले, विचारतेय."

मी शाळेतल्यासारखा हात वर केला. सगळं सांगितलं. शेजारणीनं ते तिला सांगितलं. मग आत्या बराच वेळ बोलली. शेजारीण उठून आत गेली आणि ताओवाला बांधून आली.

"ती म्हणतेय, आत्ता काढ. तिच्या डोळ्यांदेखत."

फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला. मी मागे मागे सरकत भिंतीला जाऊन टेकले. घाईत पहिले दोन फोटो हललेच. फोनमधून आत्या काहीतरी गरजली.

"काय म्हणाल्या?"

"पाय कापू नकोस म्हणतेय."

तिसऱ्यात सगळं आलं. चेहरा, लोंबणारा धागा न् धागा, पायाची बोटंसुद्धा. कॅमेरा फोनसमोर धरला. आत्या पुढे वाकली, बघत राहिली. माझं कौतुक वगैरे काही नाही. भाचीला मात्र हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली. शुक्रवारभर जिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, ती चटईसकट खाली बसून हुंदके देऊ लागली.

"काय म्हणाल्या गं?"

तिनं नाक पुसलं. "म्हणाली, बापाची लेक दिसतेस."