पायलच्या चांगल्या नोंदी

"मैत्रिणींशी मिळून मिसळून वागते," डॉक्टर मॅडम वाचत होत्या. "ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगते. गटात आवडीने काम करते."

वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली. टेबलापलीकडे पायल आईच्या मांडीवर उलटी बसून तिचा खांदा चावत होती. आई, सुनंदा, हूं की चूं करत नव्हती. पदर दुमडून दुमडून तिने त्या खांद्यावर जाड घडी करून ठेवली होती. रोजची सवय असल्यासारखी.

तलासरीला दिव्यांग मुलांच्या तपासणीचं शिबिर होतं. पायल ज्या जिल्हा परिषद शाळेत होती, तिचा मी मुख्याध्यापक, आणि पायलचा वर्गही माझ्याकडेच. फाइल मीच नेली होती. आतलं अक्षर माझं होतं.

पायल तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. दहा-बारा शब्द बोलायची, तेही मनात आलं तर. परिपाठाचा लाउडस्पीकर सुरू झाला की कान दाबून किंचाळायची. जवळ येईल त्याला चावायची, पाट्या फेकायची. दोनदा गेटबाहेर पळाली होती, आणि आमच्या शाळेपासून हायवे लांब नाही. पाड्यावर कुणी म्हणे बाहेरची बाधा, कुणी म्हणे आईने लाडावून ठेवलीय.

गटसाधन केंद्रातून, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या ऑफिसातून, विशेष शिक्षिका पाटील मॅडम आल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, की हा ऑटिझम वाटतो. मराठीत स्वमग्नता. अशा मुलांना आवाज, गर्दी, अचानक झालेला बदल आपल्यापेक्षा फार जास्त टोचतो. सांगता येत नाही, म्हणून ती अंगावर येतात. ती मस्ती नसते. मात्र नक्की काय ते डॉक्टरांनीच ठरवायचं. प्रमाणपत्र मिळालं की मॅडम ठरलेल्या दिवशी शाळेत येणार, थेरपी मिळणार, मदतनिसाचं बघता येणार. आणि डॉक्टर विचारणार, की शाळेत मुलगी कशी वागते? कारण ऑटिझमच्या खुणा साधारणपणे घरीही दिसतात आणि बाहेरही.

शाळेतलं वागणं फाइलमध्ये होतं. त्याला वर्णनात्मक नोंदी म्हणतात. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने स्वतः पाहून चार ओळी लिहायच्या. एक रकाना चांगल्या गोष्टींचा, एक अडथळ्यांचा. बाजारात या नोंदींच्या तयार पुस्तिका मिळतात. विषय काढा, वाक्य उतरवा. आमच्या शाळेतली सगळी मुलं गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायची. आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली, महिनोन्‌महिने शाळेत नसलेली मुलंसुद्धा सांगायची.

पायल पहिलीत असताना मी एकदा अडथळ्यांच्या रकान्यात लिहिलं होतं, 'इतर मुलांना चावते.' ते केंद्रप्रमुखांनी पाहिलं. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळा ज्यांच्या हाताखाली असतात ते साहेब.

"गुरुजी, अडथळा लिहिला की पुढे उपाय लिहावा लागतो," ते म्हणाले. "आहे उपाय तुमच्याकडे?"

"नाही साहेब."

"मग कशाला लिहिता?"

मी ते पान बदललं. पुस्तिका उघडली आणि नवं पान भरलं.

तेच पान आता डॉक्टर मॅडमच्या हातात होतं. "सर, शाळेत हिचा त्रास नाही?" त्यांनी विचारलं.

शेजारच्या खुर्चीवर केंद्रप्रमुख होते. माझ्या निवृत्तीला अडीच वर्षं राहिली होती. खोट्या नोंदी बाहेर आल्या असत्या तर फाइल फक्त पायलची निघाली नसती, सगळ्या वर्गांच्या निघाल्या असत्या.

"थोडंफार असतं. आम्ही सांभाळून घेतो," मी म्हणालो.

मॅडम सुनंदाकडे वळल्या. आवाज मऊ होता, पण प्रश्न सरळ होता. "ताई, मग घरीच असं करते का? घरी कोणी मारतं का हिला?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, सांगा ना."

मी फाइलची दोरी बांधत बसलो.

डॉक्टर मॅडमनी केसपेपरवर लिहिलं, की शाळेतील वर्तन सामान्य, घरातील वागणुकीबाबत पालकांचे समुपदेशन करावे, सहा महिन्यांनी पुन्हा आणावे. त्यांची चूक नव्हती. त्यांना जे दिलं, ते त्यांनी वाचलं.

सुनंदा पुन्हा आली नाही. पायलही शाळेत येईनाशी झाली. तिचा बाप उंबरगावला कंपनीत कामाला. सुनंदाचं चिकूवाडीत फळं निवडण्याचं काम होतं. घरी सासू आधीच बोलत होती. तो कागद आल्यावर नवराही म्हणायला लागला, "डॉक्टरनेच लिहून दिलंय. तूच बिघडवलीस पोरीला." हे मला आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. मी ऐकलं आणि कामाला लागलो.

दीड वर्षाने पाटील मॅडम मला गाडीवर बसवून पायलच्या घरी घेऊन गेल्या. दुपारची वेळ. ओटीवरच्या खांबाला पायल कमरेने बांधलेली होती. बांधायला जुनी, मऊ झालेली सुती साडी घेतली होती, वळ उठू नये म्हणून. आजी आत झोपली होती. सुनंदा वाडीतून यायची होती. पायल खांबाभोवती फिरायची, कापड संपलं की उलटी फिरायची.

परत येताना मॅडमनी गाडी बाजूला घेतली. "सर, हिची फाइल मी वाचलीय," त्या म्हणाल्या. "फाइलमधली मुलगी कुठे राहते, मला एकदा दाखवा."

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला पत्र दिलं, की पायलच्या नोंदी नजरचुकीने चुकीच्या झाल्या आहेत, फेरतपासणी व्हावी. केंद्रप्रमुख रागावले. पण 'नजरचूक' या शब्दाने त्यांचंही भागलं आणि माझंही. नोटीस आली नाही.

पायलला शाळेत आणलं. मॅडमनी एका वहीत तीन रकाने आखून दिले: आधी काय झालं, पायलने काय केलं, नंतर आपण काय केलं. बाकी काही लिहायचं नाही. तीन आठवड्यांत दिसायला लागलं. बहुतेक वेळा 'आधी'च्या रकान्यात लाउडस्पीकर होता, नाहीतर खिचडीच्या रांगेतली ढकलाढकल. लाउडस्पीकर मी हौसेने वर्गणी काढून आणला होता. तो बंद केला. पायलला सगळ्यांच्या आधी वाढायला लागलो. चावणं थांबलं नाही, पण कमी झालं. या दोन गोष्टी पहिलीतच करता आल्या असत्या. त्यांना प्रमाणपत्रही लागत नव्हतं.

पुढच्या शिबिरात त्याच डॉक्टर मॅडमनी ती वही पानापानाने वाचली. पुढच्या तपासण्या होऊन जिल्ह्याच्या दवाखान्यातून प्रमाणपत्र मिळालं. पाटील मॅडम आठवड्यातून दोन दिवस यायला लागल्या. तालुक्याला थेरपी सुरू झाली. मी निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात कुणीतरी पायलचा दाखला देऊन माझं कौतुकही केलं. मी हार घालून घेतला.

पायल आता पाचवीत आहे. जुना केसपेपर मात्र तसाच होता. त्यावर सुनंदाबद्दलची ती ओळ होती, आणि घरात ती ओळ अजून बोलली जायची. म्हणून गेल्या महिन्यात मी नवीन निवेदन लिहिलं. नजरचूक नव्हती. मला सगळं माहीत होतं. पुस्तिकेतून उतरवलं, शिबिरात विचारलं तेव्हा गप्प बसलो, आईचा काही दोष नव्हता. सही केली. एक प्रत फाइलला लावायला पाटील मॅडमकडे दिली, दुसरी सुनंदाच्या घरी नेऊन तिच्या नवऱ्यासमोर आणि सासूसमोर वाचली.

नवऱ्याने कागद घेऊन स्वतः एकदा वाचला. मग बायकोकडे न बघता उठून अंगणात गेला. सासू म्हणाली, चहा ठेवते.

सुनंदा भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "गुरुजी, रोज संध्याकाळी तिला खांबापासून सोडताना मी माझे हात बघायची. वाटायचं, खरंच ह्या हातांतच काही वाईट असेल."

चहा घेतला आणि निघालो.

नोकरीत असलेल्या शिक्षकांना एवढंच सांगतो. उपाय माहीत नसला तरी अडथळा लिहा. तुम्ही लिहिला नाहीत, तर तो कुणाच्या तरी आईच्या नावावर लिहिला जातो.