टिकलीएवढी पांढरी जागा

चेहऱ्यावर काही करून घ्यायचं ठरलं, की आधी प्रश्न लिहून काढावेत, असं माझं मत आहे. मी स्वतः पार्लरमध्ये भुवया कोरण्यापलीकडे कधी गेले नव्हते. पण वहिनीचा फोन आला आणि मी कामाला लागले.

"ताई, चेहऱ्याचं कायतरी करायचंय. तुमच्या तिकडं चांगला डॉक्टर हाय का?"

माझं माहेर दिंडोरीच्या पुढे. तिथे दादाची द्राक्षबाग आहे. वहिनीचा सगळा संसार उन्हात गेला. भाचीला बघायला रविवारी पाहुणे येणार होते, त्यासाठीच हे असावं असं मी धरून चालले. आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत चौकशी केली. एकीने पील सांगितलं, म्हणजे औषधाने वरची त्वचा हलकी सोलून काढायची. दुसरी लेझरच्या बाजूची होती. तिसरी म्हणाली, "काही करू नका, माझ्याकडे बघा." मी तिच्याकडे बघितलं आणि घरी येऊन प्रश्न लिहिले. यंत्र डॉक्टर चालवणार की मदतनीस? किती वेळा यावं लागेल? नंतर ऊन किती दिवस टाळायचं? आधी कानामागे थोडंसं लावून बघणार का?

वहिनी बुधवारी सकाळी एसटीने आली. चहा झाला, माझे मिस्टर बाहेर पडले, तसं तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि कपाळावरची टिकली काढली. चांगली रुपयाएवढी टिकली. पूर्वी ती मसुरीच्या दाण्याएवढी लावायची, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. खाली गोल, पांढरा डाग होता.

"कोड हाय का हो, ताई?"

"मला कसं कळणार? दादाला दाखवलंस?"

"कुणालाच नाय. डाग वाढला तशी टिकली वाढवत गेले. आता याच्यापेक्षा मोठी दुकानात भेटत नाय." ती स्वतःच हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "रविवारी पाहुणे. पोरीच्या आईला कोड म्हटल्यावर पोरीला कोण करील?"

"मग घरी काय सांगून निघालीस?"

"गोरी व्हायला चालले म्हटलं. तुमचे दादा म्हणाले, गाडी विकायला काढल्यावर रंग देतात, तसं का?"

दुपारी आम्ही गंगापूर रोडच्या दवाखान्यात पोहोचलो. बाहेरच्या काउंटरवर नीटनेटकी मुलगी होती. तिने चकचकीत कागद पुढे सरकवला.

"मॅम, पहिल्यांदाच ना? मग ग्लो पॅकेज घ्या. सहा सिटिंगमध्ये फरक दिसतो."

मी माझे प्रश्न विचारले. दोन प्रश्नांची उत्तरं तिला आली, बाकीच्यांना "ते डॉक्टर सांगतील." वहिनी मात्र कागद अगदी मन लावून वाचत होती. ज्या कामासाठी आलो ते क्षणभर विसरून तिने विचारलं, "याच्यात मिशी जाती का?"

"अप्पर लिप वेगळं आहे, मॅम."

"वेगळंच असणार," वहिनी म्हणाली आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

डॉक्टरबाईंनी आधी टिकली काढायला लावली. मग खोलीतला दिवा मालवला आणि निळसर उजेडाचा एक छोटा दिवा कपाळाजवळ धरला. हात, कोपर, ओठांच्या कडा, पावलं, सगळं तपासलं.

"टिकली रात्री काढता का?"

"नाय. सवाष्णीचं कपाळ मोकळं नसावं म्हणून झोपतानापण ठेवते."

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून."

डॉक्टरांनी दिवा लावला. बाकी अंगावर कुठे डाग नाही, टिकलीमागच्या गोंदामुळेच हे झालेलं दिसतं, असं त्यांनी सांगितलं. टिकली बंद. कुंकू, गंध, काहीच नको. रात्री एक मलम. रंग परत येईल, पण हळूहळू, आणि पूर्ण येईलच असं वचन देता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. पील, लेझर यातलं आत्ता काहीही करायचं नाही. "आणि कोड असतं तरी घाबरायचं कारण नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते कुणाला लागत नाही." पण वहिनीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती कपाळावर हात ठेवून बसली होती.

रिक्षात मी तिच्यापुढे मार्ग मांडले. रविवारी तेवढा एक दिवस त्वचेच्या रंगाची क्रीम लावून डाग झाकता येईल. नाहीतर डॉक्टरांना फोन करून एका दिवसासाठी टिकली चालेल का विचारता येईल. नाहीतर तब्येत बरी नाही म्हणून ती आत बसेल आणि मी पाहुण्यांचं बघेन.

"नको," ती म्हणाली. "लपवलं आणि लग्नानंतर कळलं, तर जन्मभर पोरीला ऐकून घ्यावं लागंल. आताच दिसू दे."

रविवारी मी माहेरी गेले. आईने सुनेचं मोकळं कपाळ बघितलं आणि ती कडाडली, "अगं, माझा लेक जिता हाय ना?"

"हाय की," वहिनी म्हणाली. "बागेत गेलाय. बोलवू?"

पाहुणे मालेगावकडचे होते. मुलाच्या आईची नजर वहिनीच्या कपाळावर गेली आणि लगेच खाली आली. वहिनीने पाण्याचा ट्रे ठेवला आणि उभ्यानेच सांगून टाकलं: टिकलीच्या गोंदाने डाग पडलाय, डॉक्टर म्हणतात कोड नाय, औषध चालू हाय, जाईल का राहील ते आत्ता सांगता येत नाय. एका दमात.

मुलाच्या आईने तिला हाताला धरून शेजारी बसवलं. "आमच्या धाकट्या दिराला खरोखरचं कोड आहे. दोन्ही हात पांढरे. चार पोरं झाली आणि अजून बायकोशी रोज भांडतो. तुम्ही आधी पाणी प्या बरं."

त्यानंतर पोहे आले, बागेची चौकशी झाली, आई आतून दोनदा मुद्दाम खोकली.

ते स्थळ जमलं नाही. भाचीनेच नकार दिला. मुलगा तासाभरात तीन वाक्यं बोलला, हे तिचं कारण. वहिनी फोनवर माझ्याकडे तक्रार करत होती, "मी एवढं कपाळ उघडं टाकून बसले आणि ही म्हणते पोरगं बोलत नाय!" पण तिच्या आवाजात हसू मावत नव्हतं. रात्रीची झोप लागायला लागली, हेही तिने त्याच फोनवर सांगितलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गेले होते. डागाच्या कडेला तपकिरी ठिपके उमटायला लागलेत, मध्ये अजून पांढरंच आहे. गल्लीतली एक बाई कुंकवात बोट बुडवून तिच्यासमोर अडखळली. वहिनीने गाल पुढे केला. "हळद इथं लाव." मग पदराखालून मंगळसूत्र बाहेर काढून वाट्या तिच्यापुढे धरल्या. "आणि कुंकू याला. चांगलं भरपूर लाव, कंजुषी नको."

त्या बाईने लावलं. मागची बाई पुढे आली, तिनेही न विचारता वाट्यांनाच लावलं.