धाकलीच्या हाताची चव
सुकं खोबरं भाजल्याचा वास आला की मला जव्हारच्या घरातलं श्रावणातलं ते जेवण आठवतं. मटण बंद, म्हणून सासरे माझ्या वालाच्या आमटीला रोज नाक मुरडायचे. त्या रविवारी ठाण्याहून धाकटी जाऊ आली, ती व्हेगन मीटबॉलचं पाकीट घेऊनच. म्हणाली, "बाबा, सोयाचे गोळे आहेत, श्रावणात चालतात." कांदाखोबरं भाजून, पाट्यावर वाटून रस्सा केला मी, तिने नुसतं पाकीट कापून गोळे त्यात सोडले. सासऱ्यांनी एक गोळा चावला, बाकीचे ताटाच्या कडेला सारले आणि रश्श्यात नागलीची भाकर कुस्करून वाडगा चाटूनपुसून रिकामा केला. "धाकलीच्या हाताला चव हाय," म्हणाले. जाऊ गोड हसली आणि कौतुक खुशाल स्वतःकडे घेतलं. माझा नुसता जळफळाट. परवा तोच रस्सा मी बटाटे घालून केला. पहिल्याच घासाला सासऱ्यांनी दाराकडे बघितलं, "धाकली आली का गं?"