मास्तरीणबाईंचं मराठी

करणी, भानामती, अंगात येणं... असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलो. शाळामास्तराला तेच शोभतं. पण एक प्रसंग आठवला की माझं हसू जागच्या जागी थांबतं. आता वय झालं, लपवून तरी काय करायचं?

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी शहापूरच्या विणकर घरातला. मराठी सातवी पास आणि वर तीन इयत्ता इंग्रजी, एवढ्या बळावर मला खानापूर तालुक्यात गुंजीच्या शाळेत नोकरी लागली. गावात मराठी चालायचं, कानडी चालायचं. इंग्रजी येणारा मी एकटा – निदान गाव तसं समजायचं.

त्या वर्षी गावात मद्रासकडचे एक तरुण स्टेशनमास्तर बदलून आले. रामनाथन त्यांचं नाव. ना मराठी, ना कानडी. रेल्वेच्या कामात इंग्रजीवर भागायचं, पण दूध, भाजी, धोबी... सगळ्यासाठी ते मला गाठायचे. त्यांच्या बायकोला तर तमिळशिवाय एक अक्षर येत नव्हतं. विहिरीवर बायका हसायच्या, ती बिचारी मान खाली घालून घागर भरायची.

एकदा ते इंग्रजीत म्हणाले, "मला थोडं मराठी शिकवा ना."

"कशाला? मी आहे की!" मी म्हटलं. खरं सांगतो, ते मराठी शिकले असते तर गावात माझी किंमत काय राहिली असती?

पुढं मास्तरीणबाईंचे गुडघे सुजले. झाडपाल्याचं कळणाऱ्या बायाक्काला मी त्यांच्याकडं घेऊन गेलो. तिनं एक मुळी दिली आणि मला म्हणाली, "उगाळून लावा म्हणावं, दिसातनं दोनदा. पोटात न्हाय हं घ्यायची, इख हाय ते."

'लावा'ला इंग्रजी शब्द मला सुचेना. मास्तर माझ्या तोंडाकडं बघत उभे. बायाक्काही बघतेय. मग औषधाच्या बाटलीवर कधीतरी वाचलेलं ठोकून दिलं – "रब ऑन स्टोन. टेक टू टाइम्स." 'पॉयझन' हा शब्द मला येत होता. पण तो उच्चारला तर मास्तर चार प्रश्न विचारतील, या भीतीनं गिळून टाकला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वर्गात पाढे चालले होते. दारात बाई येऊन उभ्या राहिल्या. पाढे थांबले.

"गुरुजी, आक्कानं लावा म्हटलंतं न्हवं? तुमी घ्या म्हणून का सांगितलासा?"

अगदी गुंजीचं मराठी... हेलसुद्धा! नवल वाटायच्या आधी मला राग आला. माझी चूक काढतेय!

"मी बरोबरच सांगितलंय. जावा घरी."

त्या वळल्या. पुढं बसलेली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, तुमास्नी मद्राशी येतंय व्हय? मास्तरीण काय बोलल्या, आमाला कायबी कळलं न्हाय."

तसाच स्टेशनकडं पळालो.

मास्तरांच्या क्वार्टरसमोर गर्दी. बायाक्का म्हणाली, "सकाळीच गेली वो गुरुजी. ओकून ओकून... एकाएकी काय झालं कुणास ठावं."

मास्तर बायकोच्या उशाशी बसलेले. मला बघून इंग्रजीत विचारलं, "तुम्ही सांगितलंत तसंच दिलं ना मी? माझी काही चूक झाली?"

"नो," मी म्हटलं. "यू गेव्ह राइट."

बायाक्का शेजारीच उभी होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून मी सुटलो.

महिन्याभरात मास्तर बदली घेऊन गेले. जाताना माझे दोन्ही हात धरून त्यांनी आभार मानले. बाई दुपारी आल्या होत्या असं पोरं सांगत राहिली. घरच्यांनी त्यांना वेड्यात काढलं. एक गोष्ट मात्र गावानं खरी मानली – गुरुजींना मद्राशीसुद्धा येतं!

मला त्या भाषेतला एक शब्दही येत नाही. मग त्या दुपारी बाईंचं बोलणं मला एकट्यालाच कसं कळलं... आजवर उलगडलेलं नाही.