सासऱ्यांचे सुळे

जावयानं सासऱ्यांसाठी काय काय करावं, याला काही हद्द असते की नाही? मी माझ्या सासऱ्यांना सुळे करून दिले. तेही एकदा नाही, तीनदा!

माझा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि मी दिवसभर मेण, प्लास्टर नि भट्टीशी झटापट करतो. सासरे मात्र सिनेमातले व्हॅम्पायर. उंच, हडकुळे, डोळे खोल गेलेले. तरुणपणी कुणीतरी काळा झगा घालून उभं केलं, ते कायमचंच. शवपेटीतून उठायचं, नायिकेच्या मानेवर वाकायचं आणि शेवटी छातीत खुंटी ठोकून घ्यायची. इतक्या सिनेमांत मेले, पण पडद्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. तेव्हाचे सुळे तयार मिळायचे, तोंड उघडून बोलायला गेलं की निसटायचे. म्हणून प्रत्येक दिग्दर्शक एकच सांगायचा, "तू नुसता फिस्कार." आणि हे फिस्कारायचे. पुढे स्वतःचे दात गेले, पाठोपाठ कामंही गेली.

मग उरला टीव्ही. हल्ली दर दुसऱ्या मालिकेत व्हॅम्पायर असतो आणि तो बघून यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

"हा व्हॅम्पायर आहे की नवरदेव? केस बघा त्याचे! उन्हात काय फिरतोय, कॉलेजात काय जातोय! तीनशे वर्षांचा घोडा झाला, अजून परीक्षेला बसतोय! आणि रडतोस कसला रे? रक्त पितोस ना?"

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज यायचा, "तुम्हाला कुणी बोलवत नाही, म्हणून पोटात दुखतंय."

"हे बोलतात किती बघ ना! तोंडाचा पट्टा नुसता चालू! आम्हाला एक वाक्य दिलं नाही कुणी."

आणि एक दिवस खरंच बोलावणं आलं. अशाच एका रडक्या मालिकेत नायकाच्या व्हॅम्पायर आजोबांचं काम. एकच प्रसंग, पण चक्क पानभर डायलॉग! ते पान घेऊन सासरे थेट माझ्या कारखान्यात आले, तोंडातली कवळी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि बोळक्या तोंडानं म्हणाले, "जावईबापू, असे सुळे करा की लावून बोलता आलं पाहिजे."

पहिली कवळी केली, तर सुळे लांब झाले, ओठच मिटेनात. दुसरी केली, तर प्रत्येक ‘स’ला शिट्टी. माझी इतर कामं पडून, डॉक्टरांचे फोनवर फोन आणि हे माझ्यासमोर उभे राहून शिट्ट्या वाजवतायत! घरी तर विचारूच नका. न्हाणीघरात तालीम, जिन्यात तालीम, जेवताना तालीम. सासूबाई वैतागून म्हणायच्या, "अहो, आधी घास गिळा, मग काय ते शाप द्या!" शेजारीण एकदा भांडण सोडवायला धावत आली.

शेवटी मी हात टेकले. "बाबा, सुळे आता कॉम्प्युटरवर लावतात. साधी कवळी घाला नि मोकळे व्हा की!"

"साध्या दातांनी बोलायला मी काय बँकेत मॅनेजर आहे?" ते उसळले. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "सुळे लावून बोलायचंय हो मला. मरायच्या आधी एकदाच."

कप्पाळ माझं! तिसरी कवळी केली. टाळूला पातळ ठेवली, सुळ्यांची टोकं घासली. त्यांनी लावली आणि सगळं पान घडाघडा म्हणून दाखवलं. एक अक्षर घसरलं नाही. मला भरून आलं आणि भरून आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

शूटिंगहून आले ते हवेतच. "एका दमात! थांबवलं नाही कुणी!"

मालिका दाखवायच्या संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. सासरे पडद्यावर आले. काय दिसत होते! झगा, डोळे, सुळे. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज आला दुसऱ्याच कुणाचा तरी. भरडा, घुमणारा, विहिरीतून आल्यासारखा. कुणा तरण्या माणसाचा आवाज यांच्या ओठांवर चिकटवला होता. आम्हाला सांगायचं सौजन्यही नाही!

माझं डोकंच फिरलं. "लावतो फोन त्या दिग्दर्शकाला! बघतोच त्याला!"

"राहू दे," सासरे म्हणाले. "चांगला आहे आवाज. शोभतोय." बोलताना त्यांनी तोंडावर हात धरला होता. आयुष्यभर फिस्कारलेला माणूस, आणि म्हणे शोभतोय! मला ते सहन होईना.

सासूबाई उठल्या. रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज पार बंद केला.

"अहो, तुम्ही म्हणा."

"काय?"

"तिकडे म्हणालात ते. हा मेला कोण बोलतोय ते मला नाही ऐकायचं."

"थांब मग. सुळे लावून येतो."

ते येईपर्यंत प्रसंग संपला होता. पडद्यावर साबणाची जाहिरात लागली होती, कुणी बाई फेसात हसत होती. सासरे तिच्यापुढे ताठ उभे राहिले आणि बोलू लागले. टीव्हीकडे आमच्यापैकी कुणी बघितलं नाही. अर्ध्यावर ते अडखळले, पुढचं वाक्य आठवेना. तेव्हा सासूबाईंनी, मान खालीच ठेवून, ते वाक्य हळूच सांगितलं.

त्यांना सगळं पान पाठ होतं.