सादळलेले कागद

समुद्रशेवाळाचा कागद पापडासारखा कडक असतो. सईच्या पाकिटातले उरलेले कागद मात्र सादळायला लागले होते. टाकवेनात, म्हणून आज भात लावला.

हे कोरियन किंबाप म्हणजे माझ्या लेकीचं, सईचं वेड. पहिल्यांदा तिनं गाजर, काकडी, ऑम्लेटच्या पट्ट्या भातासकट या कागदात गुंडाळून तो रोल माझ्या हातात दिला, तेव्हा मी सवयीनं अळूवडीसारखा चाळणीत ठेवला आणि खाली पाणी उकळत ठेवलं. “अगं आई, थांब! हे उकडायचं नसतं!” म्हणत ती ओट्याला धरून हसत सुटली. पुढे मी दर वेळी मुद्दाम चाळणी काढायची आणि ती दर वेळी तेवढ्याच जोरात ओरडायची.

दुखण्यात सई गेली. भेटायला येणारे म्हणतात, “किती खंबीर आहात हो!” त्यांना काय सांगू? घरातली कडक वस्तू कधी सादळते, ते हात लावेपर्यंत कळतच नाही.

रोल झाला. मी चाळणी काढली, खाली पाणी ठेवलं, गॅस पेटवला. पाणी उकळलं, उकळून आटत आलं. मला कुणी थांबवलं नाही.